तिरकी पट्टी

मे महिन्यातल्या संध्याकाळी कोपरखैरण्यात आमच्या गच्चीवर उभं राहिलं की पूर्वेला, पारसिकच्या डोंगरावर, एक दिवा उगवतो. बराच वेळ तो जागचा हलत नाही, नुसता मोठा होत जातो. मग त्याच्या मागे दुसरा, त्याहून बारीक तिसरा. पहिला जवळ येतो तोवर खाली सोडलेली चाकं दिसू लागतात. इथे विमान दोन हजार फुटांच्या आसपास असतं. खाडी ओलांडून, विक्रोळी-घाटकोपरच्या छपरांवरून ते मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीवर टेकतं. 27 म्हणजे 270 अंश, सरळ पश्चिम.

माझी मुलगी लहान असताना विमानं मोजायची. मी दिव्यांमधली अंतरं बघत राहतो. दोन दिव्यांमधली ती काळी जागा आपोआप पडलेली नसते. खिडकी नसलेल्या एखाद्या खोलीत, पडद्यासमोर बसून कुणीतरी ती राखत असतं.

माझी मामेबहीण मनू हेच काम करते. कुठल्या शहरात, ते लिहू नकोस म्हणाली आहे. ती टॉवरमध्ये नसते, अप्रोचवर असते. म्हणजे चारी दिशांनी येणारी विमानं एका ओळीत लावायची आणि ती ओळ टॉवरच्या हाती द्यायची. 1948 साली अलाहाबादला, आजच्या प्रयागराजला, सुरू झालेल्या प्रशिक्षण महाविद्यालयात ती शिकली. सुट्टीत आमच्याकडे आली की गच्चीवर येते खरी, पण विमानांकडे पाठ करून बसते आणि वाटीतले शेंगदाणे सोलत राहते.

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली आणि मला या विषयाने पुरतं धरलं. उलव्याचा डोंगर कापताना मी बघितला होता. तिथली 3,700 मीटरची धावपट्टी आणि मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ एकाच दिशेने आहेत, आणि दोन विमानतळांमध्ये सरळ रेषेत अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. जमिनीवर दोन विमानतळ असले तरी आकाश एकच आहे. असा नवा विमानतळ जगात कुठेही उभा राहतो तेव्हा त्याचे हवाई मार्ग आधी संगणकावर उडवून बघतात: काही मिनिटांत अख्ख्या दिवसाची वाहतूक, पुन्हा पुन्हा. मी महापेला एका कंपनीत गोदामांचं सॉफ्टवेअर लिहितो. ट्रक कुठल्या दाराला लावायचा, कुठला थांबवायचा, हे माझं रोजचं काम. वाटलं, विमानं जरा वेगाने जाणारे ट्रकच आहेत.

माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये विमानं होती, वारा होता, नियम होते. एकाच उंचीवरच्या दोन विमानांमध्ये तीन नॉटिकल मैल, नाहीतर वर-खाली हजार फूट. मोठ्या विमानामागे लहान असेल तर अंतर आणखी वाढवायचं, कारण मोठ्याच्या पंखांमागे हवेचा भोवरा रेंगाळतो. आणि एक कंट्रोलर होता. तो दर सेकंदाला सगळ्या विमानांच्या जागा बघायचा, सगळ्या शक्यता तपासायचा आणि सगळ्यात चांगली सूचना द्यायचा. रात्रभर चालवला तरी अंतराचा नियम एकदाही मोडला नाही. सकाळी मी बायकोला उठवून दाखवलं होतं.

मनू आली तेव्हा तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला. पंधरा मिनिटं ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, हे कोण आहे?"

"कंट्रोलर."

"हा कंट्रोलर नाही. ह्याला एकाच वेळी बावीस विमानं दिसतायत. मला एका वेळी एक दिसतं. त्या एकाकडे बघताना बाकीची एकवीस माझ्या डोक्यात असतात, पडद्यावर नसतात." थोडं थांबून म्हणाली, "आणि हा काही विसरतच नाही रे."

तेव्हा मला ती टीका वाटली. मी विमानांचं चित्र काढलं होतं. माणसाचं काढायला घेतलंच नव्हतं, हे कळायला दोन आठवडे गेले.

कंट्रोलर लोकांमध्ये एक शब्द आहे, 'पिक्चर'. पाळीवर बसताना आधीच्या माणसाशेजारी काही मिनिटं नुसतं उभं राहून ऐकायचं, बघायचं. पिक्चर आलं की मगच खुर्ची घ्यायची. पडद्यावरचे ठिपके म्हणजे पिक्चर नव्हे. कोण कुठून आलं, कोणाला काय सांगून ठेवलंय, दोन मिनिटांनी कोण कोणाला आडवं येणार, हे सगळं मिळून पिक्चर. आणि ते जातं. मनू म्हणाली, जातं तेव्हा टप्प्याटप्प्याने जात नाही. खोलीतला दिवा जावा तसं जातं, आणि ठिपके मात्र तिथेच असतात.

हे संगणकात कसं घालायचं? शोधायला लागलो तर माझ्याआधी पन्नासेक वर्षं माणसं याच प्रश्नाशी झटत होती.

पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर झाँ-क्लोद स्पेरांदियो नावाच्या फ्रेंच संशोधकाने अप्रोच कंट्रोलरांचा अभ्यास केला. 1971 साली त्याने जे मांडलं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर निरीक्षण वाटतं. विमानं वाढली की कंट्रोलर तेच काम जास्त वेगाने करत नाही. तो कामाची पद्धतच बदलतो. विमानं थोडी असतात तेव्हा तो प्रत्येकाचा वेग, उंची, सोय बघून जवळचा रस्ता काढून देतो. गर्दी झाली की तो प्रत्येकाबद्दल कमी गोष्टी बघतो आणि सगळ्यांना ठरलेल्या वाटेने पाठवतो. वाट लांबची असते, पण विचार कमी लागतो. स्वतःवरचा भार तो अशा रीतीने स्वतःच आटोक्यात ठेवतो.

मला आईचं गणपतीतलं स्वयंपाकघर आठवलं. एरवी घरात चार माणसं: कुणाला तिखट कमी, कुणाला वरणात गूळ नको, कुणाला पोळी पातळ, ती प्रत्येकाचं लक्षात ठेवायची. पाचव्या दिवशी चाळीस पानं उठायची तेव्हा सगळ्यांना एकच मसालेभात, एकच कढी. त्या दिवशी कुणी "मला पोळी" म्हणालं तर ती वरही बघायची नाही. तिचं प्रेम काही आटलेलं नसायचं. चाळिसावं पान वेळेवर वाढलं जावं म्हणून ती पहिल्याची आवड सोडून द्यायची. माझ्या प्रोग्राममधला कंट्रोलर चार विमानं असोत की चाळीस, सारख्याच बारकाईने वाढत होता.

पुढचं वाचन मला कॅलिफोर्नियात घेऊन गेलं. नासाच्या एम्स संशोधन केंद्राशी जोडलेल्या कामात मायकेल फ्रीड या संशोधकाने 'एपेक्स' नावाचं, काम करणाऱ्या माणसाचं संगणकी प्रारूप उभं केलं. 1998 चा त्याचा प्रबंध त्यावरच आहे. त्याला बिनचूक कंट्रोलर नको होता. माणूस जशा चुका करतो तशा चुका करणारा हवा होता, म्हणजे नवं यंत्र किंवा नवी पद्धत कागदावर असतानाच ती माणसाला कुठे पाडेल हे कळेल. एपेक्समधल्या कंट्रोलरला डोळे आहेत, ते एका वेळी एकीकडेच लागतात. आवाज आहे, तो एका वेळी एकच वाक्य बोलतो. कामं ठरवणारं मन आहे, आणि ते दर वेळी सगळं पहिल्यापासून तपासत नाही. एरवी जे करतो तेच करून मोकळं होतं.

त्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. दोन समांतर धावपट्ट्या. त्यातली एक दुरुस्तीसाठी बंद होते. कंट्रोलरला ते सांगितलेलं असतं, त्याला ते पक्कं माहीत असतं. सुरुवातीला प्रत्येक विमान तो आठवणीने दुसरीकडे पाठवतो. मग गर्दी वाढते, विचाराला सवड उरत नाही, आणि वर्षानुवर्षांची सवय हळूच पुढे होऊन उत्तर देते. विमान बंद धावपट्टीकडे निघतं. अज्ञान नाही, आळस नाही. उलट, हजारो वेळा जे बरोबर केलं त्याचीच ही चूक असते. संशोधक तिला सवयीने केलेली पकड म्हणतात. घर बदलल्यावर पहिल्या आठवड्यात कामावरून येताना जुन्या स्टेशनवर उतरलेल्या कुणालाही ती समजेल.

पुढे अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने अशा चार वेगवेगळ्या प्रारूपांना विमान नियंत्रणाचं एकच सोपं केलेलं काम दिलं आणि खऱ्या माणसांशी ताडून बघितलं. एकदा विमानांची कामं पडद्यावर मजकुरात दिली, एकदा विमानालाच रंग देऊन. कसोटी नुसत्या गुणांची नव्हती; माणसं जिथे अडतात तिथे प्रारूपही अडतं का, हेही बघायचं होतं.

मनूने यावर मला एक तारीख सांगितली. 1 फेब्रुवारी 1991, लॉस एंजेलिस, संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. टॉवरमधल्या कंट्रोलरने एका छोट्या विमानाला धावपट्टीवर येऊन थांबायला सांगितलं. तेवढ्यात दुसरं एक विमान रेडिओवर उत्तर देईना. आणखी एका विमानाची माहिती लिहिलेली कागदी पट्टी तिच्या टेबलापर्यंत पोचलीच नव्हती, ती शोधाशोध. जमिनीवरचं रडार बंद. टॉवरमधून त्या कोपऱ्याकडे बघताना दिव्यांची चमक डोळ्यावर यायची. त्या दोनेक मिनिटांत थांबलेलं विमान तिच्या मनातून निसटलं, आणि तिने त्याच धावपट्टीवर बोइंग 737 ला उतरायची परवानगी दिली. छोट्या विमानातले बाराच्या बारा गेले, मोठ्यातलेही कितीतरी. चौकशीने मुख्य ठपका तिच्या विसरण्यावर ठेवला नाही. एका माणसाचा विसर सावरून घेईल अशी दुसरी कोणतीही तजवीज त्या टॉवरच्या कामात ठेवलेली नव्हती, त्या व्यवस्थापनावर ठेवला.

आपल्याकडचं चरखी दादरी मला आठवतं ते वर्तमानपत्रातल्या फोटोंमुळे. 12 नोव्हेंबर 1996. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं 747 आणि दिल्लीत उतरायला येणारं कझाकस्तानचं विमान हवेत एकमेकांवर आदळलं, 349 माणसं गेली. एकाला 14 हजार फूट सांगितले होते, दुसऱ्याला 15 हजार. खाली येणारं विमान ठरलेल्या उंचीच्याही खाली आलं. जाणारी आणि येणारी विमानं एकाच पट्ट्यातून ये-जा करत होती. कंट्रोलरने समोरून येणाऱ्या विमानाची सूचनाही दिली होती. पण त्याच्या समोरच्या रडारवर ठिपका दिसायचा, उंची दिसायची नाही. वैमानिक तोंडाने सांगेल तेवढीच उंची त्याला ठाऊक. हे वाचल्यावर मी माझ्या प्रोग्रामकडे परत गेलो तेव्हा पहिली गोष्ट केली ती ही: कंट्रोलर आणि विमान यांच्यामध्ये एक पडदा घातला. विमान खरोखर कुठे आहे ते वेगळं, कंट्रोलरला काय दिसतं ते वेगळं. इतक्या मोठ्या अपघातानंतर आपल्याकडे जाण्यायेण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची सांगणारं रडार आलं, विमानांमध्ये टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. प्रत्येक सुधारणा एखाद्याच्या न दिसण्याची भरपाई आहे.

आता अप्पांबद्दल. माझे वडील, वय 81, आयुष्यभर मध्य रेल्वेत, ठाण्याच्या पुढच्या एका केबिनमध्ये लिव्हर ओढायचं काम. आमचं बालपण कळव्याच्या क्वार्टरमध्ये गेलं. मी आणि मनू लॅपटॉपवर बोलत होतो तेव्हा ते पलंगावर पेपर वाचत होते. मनू मला दाखवत होती, की ती शिकली तेव्हा प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असायची, पट्ट्या एकाखाली एक फळीवर लावलेल्या. एखाद्या विमानाला काही सांगायचं बाकी असेल, थांबवून ठेवलं असेल, तर त्याची पट्टी ओळीतून थोडी बाहेर ओढून तिरकी करून ठेवायची. डोक्यातून गेलं तरी डोळ्याला ती तिरकी पट्टी खुपते. धावपट्टी बंद असेल तर त्याचीही पट्टी, धावपट्टीच्या जागेवरच आडवी.

अप्पांनी पेपर खाली केला. "मग आमची कॉलर काय वेगळी होती गं?"

"कसली कॉलर, आतोबा?"

अप्पांनी उठून स्टीलचा पेला घेतला, त्यात चमचा उभा धरला आणि आईच्या जुन्या डब्यातली एक बांगडी त्या चमच्यात घातली. लायनीवर गाडी उभी असली किंवा गँगचं काम चालू असलं की त्या सिग्नलच्या लिव्हरला लोखंडी कडं घालायचं. कडं असलं की लिव्हरची मूठ दाबलीच जात नाही. "रात्री तीनला, सतरावी गाडी असली ना, की हात आपला आपण जातो लिव्हरकडे. आपण झोपलेले नसतो, पण हातच पुढे असतो. कडं हाताला लागतं, आणि मग माणूस जागा होतो." मग म्हणाले, "मास्तर शेजारच्या स्टेशनाशी लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घ्यायचा तेव्हा प्रायव्हेट नंबर घ्यायचा, रजिस्टरात लिहायचा. नुसतं हो म्हणून चालायचं नाही."

मनू माझ्याकडे बघत राहिली. तिच्याकडे वैमानिकाने सूचना तशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते; नुसतं 'ओके' चालत नाही. चुकीचं परत म्हटलं आणि तिने ते ऐकलं नाही, तर ती चूक दोघांची.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की आमच्या घरात गेली कित्येक वर्षं पाण्याची मोटर चालू केली की अप्पा दाराच्या कडीला एक लाल फडकं बांधतात. आम्ही त्याला त्यांचा चक्रमपणा समजत होतो. माझ्या बायकोने दोनदा ते धुवायला टाकलं होतं, आणि दोन्ही वेळा टाकी वाहिली होती.

त्या रात्री मी प्रोग्राम जवळजवळ पुन्हा लिहिला. कंट्रोलरला डोळे दिले, एका वेळी एका जागी लागणारे. आठवण दिली, न बघितलेल्या विमानाची हळूहळू पुसट होणारी. सवय दिली: एखादं काम जितक्या वेळा केलं तितकं ते पुढच्या वेळी न विचारता होण्याची शक्यता जास्त. गर्दी वाढली की कमी गोष्टी बघायची मुभा दिली, ओर्लीच्या माणसांसारखी. आणि शेवटी त्याच्या टेबलावर पट्ट्या दिल्या, ज्या तिरक्या करता येतात. कोडमध्ये त्या कामाचं नाव मी 'कॉलर' ठेवलंय.

मी गोदामाच्या कामातही आता वेगळं बघायला लागलोय. कुणी चुकीच्या दाराला ट्रक लावला की आमच्या बैठकीत पहिला प्रश्न "कोण होता पाळीवर?" असा असायचा. मी आता आधी विचारतो की त्याच्या पडद्यावर काय दिसत होतं, आणि आदल्या महिन्याभरात तो ट्रक कुठल्या दाराला लागत होता. सगळ्यांना हे पटत नाही. मला मात्र यापेक्षा न्यायाचा दुसरा रस्ता दिसत नाही.

मनू परत जायच्या आदल्या रात्री मी नवा प्रोग्राम तिला दाखवला. एक काल्पनिक विमानतळ, दोन समांतर धावपट्ट्या, डावी बंद. पट्ट्या मुद्दाम काढून घेतलेल्या. काही खूण नाही, सगळं आठवणीवर. वेग वाढवून न चालवता खऱ्या वेळेत चालवू, असं तीच म्हणाली. आम्ही पलंगावर बसलो. अप्पा खुर्चीत. पहिला तास तो उत्तम चालला. मनू मधूनमधून पुटपुटायची, "हां, आता त्या दोघांना बघ... बघितलं. शाबास." त्याला मी आवाज दिलेला नव्हता, फक्त पडद्यावर ओळी उमटत होत्या, तरी ती त्याच्याशी बोलत होती.

दीड तासानंतर विमानं दाट झाली. त्याच्या सूचना तुटक होत गेल्या, सगळ्यांना एकच वाट. पूर्वेकडच्या एका विमानाकडे त्याने बराच वेळ बघितलंच नाही. मनूने शेंगदाण्याची वाटी खाली ठेवली. "त्याचं जायला लागलंय," ती म्हणाली.

एक तास बावन्न मिनिटांनी त्याने एका विमानाला डावीकडे घेतलं, बंद धावपट्टीकडे.

मी ज्याच्यासाठी आठवडेच्या आठवडे जागलो ते माझ्यासमोर घडत होतं, आणि मला आनंद झाला नाही. ओळ उमटली, विमानाने वळण घेतलं. मनूचा हात नकळत गळ्याजवळ गेला, जिथे कामावर तिचा माइक असतो. खऱ्या टेबलावर माणसाला साधारण दोन तासांनी उठवतात. शेजारी दुसरा येऊन उभा राहतो, ऐकतो, पिक्चर घेतो आणि खुर्ची घेतो. माझ्या प्रोग्राममध्ये दुसरा कंट्रोलर मी लिहिलाच नव्हता.

"दादा," ती हळूच म्हणाली, "त्याला उठव. दोन तास व्हायला आलेत त्याला."

मी प्रोग्राम थांबवला.